गुरुजींचा पूर्वपक्ष

गेम शेवटपर्यंत न खेळता त्यावर मत देणाऱ्या माणसाशी गुरुजी बोलत नसत. नुसतं बोलत नसत एवढंच नाही, त्याच्या हातचं पाणीसुद्धा घेत नसत. आमच्या मासिकाचे मालक एकदा सहज म्हणून गेले, "पंडितजी, आधा खेलकर भी तो अंदाज़ा लग ही जाता है." गुरुजींनी हातातला चहाचा कुल्हड तसाच भरलेला खाली ठेवला, उपरणं झटकलं आणि प्रेसच्या पायऱ्या उतरून चालते झाले. पुढचा अंक त्यांच्या लेखाशिवाय निघाला. शेवटी मालकच पानाचा विडा बांधून घेऊन बालाजी घाटाजवळच्या त्यांच्या खोलीवर गेले आणि हात जोडून आले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

मासिक कॉम्प्युटरचं होतं, हिंदीतलं. नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध. गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या आणि मुलं नव्या गेमच्या सीड्या शोधत फिरत होती. मी त्या मासिकात प्रूफं तपासायची. आमचं घराणं पिढ्यान्पिढ्या बनारसचं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि घरातल्या मराठीतही अर्धी हिंदीच. पुण्याचे पाहुणे आले की आमचं बोलणं ऐकून तोंडावर पदर घेऊन हसत. हसोत बापडे. गुरुजी मात्र माझ्याशी अस्सल, जुनं, घोटीव मराठी बोलत आणि माझी हिंदी शिरली की डोळे मिटून घेत. "पोरी, 'फुरसत' नाही, 'सवड'," एवढंच म्हणत आणि पुढे बोलत.

उभा जन्म त्यांनी पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर एकटेच राहत. पहाटे पंचगंगा घाटावर स्नान, मग संध्या, मग कपाळावर गंध, आणि मग थेट कॉम्प्युटर. ओल्या पंच्यानं आधी पडदा पुसायचे, मग खुर्चीवर मांडी घालून बसायचे. खुर्चीत पाय सोडून बसणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. खिडकीशी माकडं यायची. त्यांनी एकदा माऊसची वायर कुरतडली, तेव्हापासून खिडकीच्या गजांना जुनं धोतर बांधलेलं असायचं. गेम करणाऱ्याला ते 'ग्रंथकार' म्हणत, गेमच्या पातळ्यांना 'अध्याय'. चोरवाटांचे कोड वापरून पुढे जाणं म्हणजे त्यांच्या मते परीक्षेत शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरवणं. गेममधलं एखादं गाव वाचवता आलं नाही, तर त्या दिवशी त्यांचं जेवणात लक्ष नसायचं. मी चेष्टा केली, "गुरुजी, खोटं गाव ते!" तर म्हणाले, "गाव खोटं गं. पण हलगर्जी माझी खरी होती ना."

हा माणूस या नादाला लागला कसा, असं सगळी गल्ली विचारायची. लोक त्यांना 'गेमवाले पंडितजी' म्हणायचे. खरं कारण फारच थोड्यांना ठाऊक होतं, आणि ते कारण म्हणजे दिगू.

दिगू त्यांचा शेवटचा विद्यार्थी. आईबाप नसलेला, मामाकडे वाढलेला. लहानपणापासून त्यांच्या पायाशी बसून शिकला. गुरुजींना मूलबाळ नव्हतं. आपल्यामागे हा गादी चालवणार, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आणि एक दिवस दिगूनं सांगितलं की तो कॉम्प्युटर शिकायला पुण्याला चालला आहे. गुरुजी त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. जाताना तो आपला जुना, कुठून कुठून भाग जमवून उभा केलेला कॉम्प्युटर त्यांच्या खोलीत ठेवून गेला. नमस्कार केला, तेव्हा गुरुजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. हे त्यांनीच मला सांगितलं, अगदी कोरड्या आवाजात.

तो कॉम्प्युटर बरेच दिवस पांघरुणाखाली झाकून होता. मग एकदा त्यांच्या मनात आलं, ज्या विद्येनं माझा पोरगा पळवला तिचं खंडन करायचं. आता खंडन करायचं तर आधी वाचायला हवं. पांघरूण निघालं. शेजारच्या क्लासमधल्या मास्तरांकडून बटणं समजून घेतली, आणि खंडन राहिलं बाजूलाच, गुरुजी स्वतःच आत ओढले गेले. मात्र दिगूला त्यांनी कधी पत्र घातलं नाही. त्याची पत्रं यायची, ती वाचून देवाच्या फळीवर ठेवायचे. उत्तर नाही ते नाहीच.

त्यांचे लेख म्हणजे मालकांच्या डोक्याला ताप होता. मालकांना गेमखाली तारे छापायला हवे असायचे, पाचपैकी किती ते. गुरुजी म्हणायचे, "ग्रंथाला तारे? तो काय पंचांगात बसवायचा आहे?" मग मालकच लेखाचा सुरुवातीचा भाग चाळून आपल्या मनानं तारे ठोकून देत. आणि लेखाची रचना अगदी शास्त्रात असते तशी. आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध बाजू. तीही अर्धवट नाही, विरोधकाला स्वतःला सुचली नसती इतकी ताकदीनं मांडायची. मग सिद्धान्त, म्हणजे तो एकेक आक्षेप खोडून आपलं म्हणणं. एखादा गेम आवडला असेल तर त्याच्यावर ते आधी असे तुटून पडत की वाचणाऱ्याला वाटावं, संपला हा. "नावडणं हे मत नव्हे, आणि आवडणं तर मुळीच नव्हे," हे त्यांचं पालुपद होतं.

आणि मग दिगूचाच गेम आला.

पुण्यात त्यानं बँकेतली नोकरी सोडून स्वतः बसून केलेला गेम. एक मशालजी डोंगरी किल्ल्याखालच्या भुयारात उतरतो, तळाशी अडकलेली माणसं सोडवायला. त्याला आपण चालवायचं, तलवार आपणच फिरवायची, आणि लढता लढता तो बलवान होत जायचा. गोम अशी की तो गेम मुद्दाम जुन्या धाटणीचा केला होता. वरून खाली पाहिल्यासारखं दृश्य, चौकोनी ठिपक्यांची माणसं, टिंटिं वाजणारं संगीत. तेव्हा तर जो उठेल तो त्रिमितीचा आभास देणाऱ्या नव्या गेमच्या मागे लागला होता. तसल्या काळात हे म्हणजे लग्नाच्या मांडवात फाटकी सतरंजी अंथरण्यासारखं होतं. दिल्लीच्या इंग्रजी मासिकानं लिहिलं, हा गेम दहा वर्षं उशिरा जन्मला. मुंबईच्या एका पुरवणीत नुसती टिंगल होती. एकानं तर त्याची गरिबी काढली. एकाही लेखात पहिल्या भुयारापुढचा शब्द नव्हता. गुरुजींनी ते सगळे वाचले आणि म्हणाले, "एकही तळापर्यंत उतरला नाही. दारातूनच परत फिरलेत शिंचे."

दिल्लीच्या एका वितरकानं सीड्या काढायचं कबूल केलं होतं, पण आता तो कचरत होता. त्यानं दिगूला सांगितलं, हिंदी मुलखात तुमच्या बनारसच्या मासिकाचं ऐकतात, त्यांचा लेख येऊ दे, मग बघू. म्हणजे दिगूचं सगळं त्या एका लेखावर आलं होतं. त्यानं सीडी पाठवली ती मासिकाच्या पत्त्यावर. सोबत चार ओळी, त्याही मालकांना. गुरुजींना लिहायचं धाडस त्याला झालं नसावं.

गुरुजी तो गेम खेळले तसं मी त्यांना कधी खेळताना पाहिलं नव्हतं. बिजली गेली की अस्वस्थ होऊन गच्चीवर फेऱ्या मारायचे. आली की धावत खाली. संपवल्यावर पुन्हा पहिल्यापासून खेळले. मग लेख लिहून माझ्या हातात दिला, आणि मी तो तिथेच उभ्या उभ्या वाचला.

पूर्वपक्ष भयंकर होता. जुनी धाटणी ही निवड आहे की नाइलाज, हेच ग्रंथकाराला ठरवता आलेलं नाही. भुयारातली पाण्याची विहीर अशा जागी आहे की मशालजी तहानेनं मरेल ही भीतीच उरत नाही. आणि सर्वांत मोठा आक्षेप हा, की भुयारात अंधार आहे असं सांगतोस, पण वरून पाहणाऱ्या मला सगळं दिसतं. भितो तो मशालजी, मी नाही. मग माझ्या हातात मशाल कशाला दिलीस? आणि मग सिद्धान्त सुरू झाला. अहो, काय सांगू! एकेक आक्षेप घेऊन त्यांनी असा खोडला होता, इतक्या मायेनं, की अक्षरं पुसट दिसायला लागली माझ्या डोळ्यांना. शेवटी म्हटलं होतं की हा गेम जसा आहे तसा निर्दोष आहे आणि त्याच्या कर्त्याला शिकवण्याचं भाग्य मला लाभलं. इतक्या वर्षांचा अबोला त्या एका वाक्यात संपला होता.

"पाठवून दे," गुरुजी म्हणाले. "आणि कानामात्रा सांभाळ."

कानामात्रा मी सांभाळल्या. पण अंक छापायला गेला त्या आठवड्यात आईचं ऑपरेशन होतं, मी इस्पितळात होते. तिकडे मालकांकडे ऐनवेळी मोठी जाहिरात आली, अर्धं पान हवं होतं. त्यांनी लेख खालून कापला. नेहमी तसंच कापायचे, बातमी असो की लेख. मी परत आले तेव्हा अंक बाजारात गेला होता. सगळा पूर्वपक्ष छापलेला, सिद्धान्ताची एक ओळ नाही, आणि वरून मालकांनी दिलेला एक तारा.

मी मालकांच्या टेबलावर अंक आपटला. ते गोंधळून म्हणाले, "अरे बहनजी, आख़िर में बचता क्या है? सब बात तो ऊपर आ ही गई थी." मूळ कागद मागितले, तर ते रद्दीत गेलेले. पुढच्या अंकात खुलासा छापा म्हटलं, तर म्हणे मासिकाची नाक कटेल. दिल्लीच्या वितरकानं त्याच आठवड्यात हात वर केले, हेही त्यांच्याचकडून कळलं.

अंक घेऊन मी गुरुजींकडे गेले. त्यांनी पान डोळ्यांशी अगदी जवळ धरून वाचलं. तेव्हाच त्यांना कमी दिसायला लागलं होतं, पण ते कुणाला बोलले नव्हते. वाचून झाल्यावर अंकाची घडी घातली.

"गुरुजी, मी आत्ता बूथवर जाऊन पुण्याला फोन करते. त्याला सगळं सांगते."

"नाही करायचा."

"अहो, पण त्याला काय वाटेल! सगळे तुटून पडलेत, आणि वरून तुम्हीसुद्धा?"

"इतकी वर्षं शिकवलं त्याला. पूर्वपक्ष कुठला आणि सिद्धान्त कुठला, हे त्याला ओळखता येत नसेल तर मी शिकवलं काय? त्याला कळेल. माझी शपथ आहे तुला, फोन करशील तर."

संतापले मी! हा कसला हट्ट? तिकडे पोराचं घर बुडतंय आणि इकडे यांना आपल्या शिकवण्याची परीक्षा सुचते आहे! तोंडावर म्हणालेसुद्धा तसं. त्यांनी ऐकून घेतलं. पण शपथ होती, काय करणार.

दिगूकडून पत्र आलं नाही. नेहमी दिवाळीला यायचं, तेही नाही. गुरुजी विचारत नसत, पण पोस्टमनची सायकल गल्लीत वाजली की त्यांचं बोलणं मध्येच थांबायचं. होळी गेली, पावसाळा गेला, नदीचं पाणी चढलं आणि उतरलं. या सगळ्यात त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आलात, गेलेलं काही परत येत नाही. एका डोळ्याचं पूर्ण गेलं, दुसऱ्यात नुसता उजेड कळायचा. लेख बंद झाले. कोणी म्हणालं, पंडितजी, दुसऱ्याला खेळायला सांगा आणि तुम्ही नुसतं लिहून द्या. गुरुजी त्याच्याशी पुन्हा बोलले नाहीत.

एकदा मी त्यांना घाटाच्या पायऱ्यांवरून हात धरून आणत होते. मध्येच गुरुजी थांबले आणि म्हणाले, "पोरी, त्याला नाही कळलं." एवढंच. इतक्या दिवसांत तेवढंच बोलले. मला वाटलं, आत्ता शपथ परत मागून घ्यावी. पण त्यांचा चेहरा बघून धीर झाला नाही.

आणि मार्गशीर्षात एका सकाळी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत बसले होते, तर दारात दिगू उभा. कानशिलं पिकलेली, अंगानं उतरलेला. खांद्याला पिशवी. गुरुजींनी चाहुलीकडे मान वळवली.

"कोण?"

"मी, गुरुजी. दिगू. उत्तर आणलंय."

"कशाचं?"

"तुमच्या आक्षेपांचं." तो आत येऊन पायाशी बसला, पूर्वी बसायचा तसा असावा. "संध्याकाळी तुम्ही आक्षेप द्यायचात आणि सकाळी आम्ही उत्तर आणायचं. तुम्ही नुसताच पूर्वपक्ष छापलात, तेव्हाच समजलो. सिद्धान्त माझ्यावर सोपवलाय. फक्त या वेळी सकाळ व्हायला जरा उशीर झाला. क्लासमध्ये शिकवायची नोकरी धरली, ती सांभाळून करत होतो."

मी थक्क झाले. या बाबानं एक दिवससुद्धा वाईट वाटून घेतलं नव्हतं! सगळं जग त्याला नापास करत होतं, आणि गुरुजींनी गृहपाठ दिलाय असं समजून तो कामाला लागला होता. मी तोंड उघडलं, "अरे, पण तो लेख तर मालकांनी..." गुरुजींनी हात वर केला.

"बोल," ते म्हणाले. "पहिला आक्षेप."

"मान्य. जुनी धाटणी मी निवडली नव्हती, मला तेवढंच येत होतं. आता निवडली आहे. का, ते शेवटच्या आक्षेपात येईल."

"दुसरा?"

"विहीर काढून टाकली."

"शेवटचा?"

"अंधार म्हणतोस आणि सगळं दिसतं, असं म्हणाला होतात. आता मशालजी जितका लढेल तितका बलवान होतो, पण तितकी त्याची मशाल जळते. पडदा काळा होत जातो. वरूनच बघायचं, पण बघायला काही उरत नाही; त्यासाठीच जुनी धाटणी. शेवटच्या भुयारात तर काहीच नाही. नुसते आवाज. डाव्या कानाला पाणी, उजव्या कानाला श्वापदाचा श्वास, मागे अडकलेल्या माणसांची हाक. ऐकत ऐकत बाहेर पडायचं." मग तो थांबला. त्यानं पहिल्यांदाच गुरुजींच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं असावं. वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "गुरुजी, मला खरंच माहीत नव्हतं..."

"लाव," गुरुजी म्हणाले.

वरची भुयारं दिगू खेळला. गुरुजी शेजारी बसून विचारत होते, आता काय झालं, मशाल किती राहिली. मध्ये बिजली गेली, आम्ही तसेच बसून राहिलो, कोणी उठलं नाही. शेवटचं भुयार आलं तेव्हा पडदा काळाकुट्ट होता. मलाही काही दिसत नव्हतं आणि दिगूलाही. गुरुजींनी कानांवर हेडफोन चढवला, खुर्चीवर मांडी घातली आणि त्याला बाजूला सारलं.

मेले. पुन्हा मेले. किती वेळा, ते मोजायला कोण बसलं होतं? दर वेळी नुसतं "हं" म्हणायचे आणि परत शिरायचे. एकदा म्हणाले, "पाणी डावीकडे आहे, म्हणजे उतार तिकडे आहे. बाहेरची वाट तू उलट्या बाजूला, चढावर ठेवलीस ना रे?" दिगू म्हणाला, "सांगणार नाही." गुरुजी हसले. त्या काळ्या पडद्यासमोर आम्ही तिघं बसलो होतो आणि रस्ता फक्त त्यांनाच कळत होता. मग एकदम पडदा उजळला. किल्ल्याचा दरवाजा, बाहेर चौकोनी ठिपक्यांची झाडं, आणि मशालजीमागून एकामागून एक बाहेर येणारी माणसं.

"बाहेर आलो का रे?"

"आलात, गुरुजी. सगळे आले."

गुरुजींनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. दिगूनं हळूच विचारलं, "मग सिद्धान्त बरोबर आहे?"

"बरोबर आहे. माझा चुकला होता."

"तुमचा?"

"मीही लिहिला होता एक. छापताना कापला गेला. ही सांगत होती मघाशी, मीच गप्प केलं."

दिगू माझ्याकडे बघत राहिला. मग त्यांच्याकडे वळला. "काय लिहिलं होतं, गुरुजी?"

"की तुझा गेम निर्दोष आहे. आहे तसाच. आणि तुला शिकवण्याचं भाग्य मला लाभलं."

दिगूनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. इतका मोठा माणूस, खांदे गदगदा हलत होते. गुरुजींचा हात हवेत चाचपडला आणि त्याच्या केसांत जाऊन थांबला.

"पुरे, पुरे," ते म्हणाले. "उभ्या जन्मात एकदाच मायेनं लिहिलं, आणि विश्वनाथानं नेमकं तेवढंच कापलं." असं म्हणून ते हसायला गेले, पण त्यांना काही ते जमलं नाही.